जोडचित्र आणि अजिंठ्याची भिंत

कॅमेरा जे टिपतो तेच वस्तूचे खरे स्वरूप, असा एक समज आपल्या सुशिक्षित वर्गात दृढ झालेला आहे. वस्तुतः कॅमेऱ्यास डोळा एक, त्याचे आसन एक आणि त्याच्या वाट्यास येणारा काळ सेकंदाचा अल्पांश. मनुष्य असा कधीच पाहत नाही. पाचोऱ्याहून शेंदुर्णी, पहूर या मार्गाने जामनेरला जी अरुंद रुळांची गाडी कित्येक दशके धावली, तिच्या खिडकीशी बसलेल्या उतारूस तो प्रदेश एका दृष्टिक्षेपात दिसत नसे. शेत, नाला, वस्ती असे तुकडे मनात जुळत जात आणि मुक्काम येईतो त्यांचे एक चित्र सिद्ध होई.

हीच उणीव हेरून डेव्हिड हॉकनी या इंग्रज चित्रकाराने १९८२ पासून छायाचित्रांची जोडचित्रे रचावयास आरंभ केला. प्रथम त्याने पोलरॉइडचे चौकोन शेजारी शेजारी मांडले. पुढे साधे फोटो एकमेकांवर चढवून चिकटविले. १९८६ मधील त्याच्या कॅलिफोर्नियातील रस्त्याच्या सुप्रसिद्ध चित्रात सातशेहून अधिक फोटो आहेत. परंतु त्याची पद्धत समजून घेण्यास १९८३ मधील क्योटोच्या र्‍योआनजी मंदिरातील बागेचे चित्र अधिक उपयोगी. एका जागेवरून फोटो घेतला तर आयताकृती बागेच्या बाजू दूर जाता जाता जवळ येतात. हॉकनी बागेच्या कडेने चालत गेला आणि पावलागणिक फोटो घेत राहिला. परिणामी चित्रात बाग आयताकृतीच उतरली, आणि खालच्या कडेस त्याची स्वतःची पावले ओळीने उमटली. स्थळाचे सत्य त्यास काळ खर्च करून मिळाले.

ही सिद्धी लहान नव्हे. तथापि तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. या चित्रात जो काळ सरतो तो केवळ पाहणाराचा. बागेतील शिळांवर काही गुदरत नाही. चालतो तो चित्रकार.

आता अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात जावे. पाचव्या शतकातील त्या भिंतीवर विश्वंतर या दानशूर राजपुत्राची कथा आहे. तो राजवाड्यात दिसतो, रथातून निघालेला दिसतो, अरण्यातील आश्रमात दिसतो. मध्ये चौकट नाही. डीटर श्लिंगलॉफ या जर्मन पंडिताने दाखविले आहे की, अजिंठ्याच्या कथाचित्रांत प्रसंगांची मांडणी काळाच्या क्रमापेक्षा स्थळाच्या अनुरोधाने झाली आहे. म्हणून प्रेक्षकास मागेपुढे फिरून कथा जुळवावी लागते. येथे पाहणारा चालतो आणि कथानायकही चालतो. मुलांचे दान करणाऱ्या पित्याचे दुःख भिंतीच्या एका कोपऱ्यात असले तरी त्याची छाया साऱ्या कथेवर पडते. दोन काळांचा हा संगम हॉकनीच्या चित्रांत आम्हांस आढळत नाही.

असे असता आपल्या घरोघरीच्या पुस्तकांतून अजिंठा येतो तो कसा? पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचे मुख तेवढे कापून. मुख सुंदर आहे यात शंका नाही. पण भोवतालचा परिवार गळाला की तो बोधिसत्त्व एखाद्या नटाच्या फोटोसारखा एकटा पडतो. ज्या भिंती चालत वाचावयाच्या, त्या आपण एका क्षणाच्या चित्रावरून ओळखतो, आणि मुलांनाही तीच ओळख करून देतो. अशा भिंती छापताना जोडचित्राची रीत स्वीकारली, तर तिचे इकडे सार्थक होईल.

मात्र कात्री हाती आली म्हणजे कला साधली असे नव्हे. आमच्याच जिल्ह्यातील चाळीसगावचे केकी मूस (मृत्यू १९८९) मेजावर लहान वस्तू मांडून एका फोटोत विस्तीर्ण देखाव्याचा भास निर्माण करीत. त्यांची कला सांधा लपविण्याची होती. जोडचित्राची सांधा दाखविण्याची आहे. म्हणून दाखविलेल्या प्रत्येक सांध्याने उत्तर द्यावे: येथे पाऊल पुढे पडले काय, की घटका सरली? ज्या सांध्यापाशी यांपैकी काहीच घडले नाही, तेथे फोटो फाटला एवढेच म्हणावे लागेल.