'कॉपीलेफ्ट' परवाने : मुक्ती की स्वातंत्र्य?

प्रस्तावना

सॉफ्टवेअरच्या संदर्भात इंग्रजीतील 'फ्री' हा शब्द किंमत आणि मोकळीक अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो. मराठीत 'मोफत' आणि 'मुक्त' असे वेगळे शब्द असल्याने हा घोटाळा टळतो. परंतु 'मुक्त' आणि 'स्वतंत्र' यांतील भेद बहुधा दुर्लक्षित राहतो. 'मुक्त' म्हणजे बंधनातून सुटलेला. 'स्वतंत्र' म्हणजे स्वतःच्या तंत्राने चालणारा. पहिल्यात नियमाचा अभाव अभिप्रेत आहे, तर दुसऱ्यात नियम गृहीत आहे. कॉपीलेफ्ट परवाने खऱ्या अर्थाने मुक्त आहेत काय, या वादाची या भेदाच्या आधारे चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली व १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना केली. आज्ञावली कोणत्याही हेतूने वापरणे, तिचा अभ्यास करून तीत बदल करणे, तिच्या प्रती वाटणे आणि बदललेल्या प्रती वाटणे, ही चार स्वातंत्र्ये या चळवळीचा पाया होत. १९८९ च्या जीपीएल परवान्याने त्यांना एक अट जोडली : आज्ञावली वाटणाऱ्याने सोर्स कोड उपलब्ध करून द्यावा आणि घेणाऱ्यास तेच हक्क द्यावेत. ही अट कॉपीराइट कायद्याच्या बळावरच उभी आहे. याउलट बीएसडी व एमआयटी हे परवाने श्रेयनिर्देशापलीकडे फारसे काही मागत नाहीत.

आक्षेप आणि त्याची चिकित्सा

बीएसडी परंपरेच्या समर्थकांचा आक्षेप असा, की जे अट घालते ते मुक्त नव्हे. अॅपलने आपल्या कार्यप्रणालीत बीएसडीचा कोड घेतला आणि त्यावर बंदिस्त उत्पादन उभारले; त्यांच्या मते हा स्वातंत्र्याचाच स्वाभाविक परिणाम होय.

हा आक्षेप तर्कदृष्ट्या सुसंगत असला, तरी त्यात केवळ मधल्या वितरकाच्या स्वातंत्र्याचा विचार आहे. जीपीएल आज्ञावली चालविण्यावर अट घालत नाही. स्वतःपुरता बदल करणाऱ्यावरही घालत नाही. बंधन सुरू होते ते ती दुसऱ्याच्या हाती देताना. नेक्स्ट कंपनीने ग्नूच्या कंपायलरवर ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेसाठी केलेले काम बंदिस्त ठेवण्याचा विचार केला होता. जीपीएलमुळे ते खुले करावे लागले. २००३ मध्ये लिंक्सिस कंपनीच्या वायरलेस राउटरमध्ये लिनक्स असल्याचे उघड झाले व मागणी होताच सोर्स कोड प्रसिद्ध करावा लागला. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. वितरकाची एक मोकळीक गेली. पण त्यानंतरच्या प्रत्येक वापरकर्त्याला ती लाभली. या अर्थाने कॉपीलेफ्ट 'मुक्त' नसले तरी 'स्वतंत्र' आहे.

खऱ्या मर्यादा

तथापि, एवढ्यावर समाधान मानता येत नाही. पहिली मर्यादा परस्परविसंगतीची आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ मध्ये झेडएफएस ही फाइलप्रणाली सीडीडीएल परवान्याखाली खुली केली. लिनक्स कर्नल जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. दोन्ही परवाने कॉपीलेफ्ट असूनही फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते त्यांखालील कोड एकत्र करून वाटता येत नाही. कॅनॉनिकल कंपनीने याच्या विरुद्ध मत घेऊन २०१६ मध्ये उबुंटूत झेडएफएस समाविष्ट केले. प्रत्येक परवाना आपल्या अंगणाचे रक्षण करतो आणि दोन अंगणांमध्ये भिंत उभी राहते.

दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे : कॉपीलेफ्ट कॉपीराइटच्या मालकाला बांधत नाही. मायएसक्यूएलची मालक कंपनी तीच आज्ञावली जीपीएलखाली देत असे आणि ज्यांना अट नको त्यांना व्यावसायिक परवाना विकत असे. ही मालकी २००८ मध्ये सनकडे आणि २०१० मध्ये ओरॅकलकडे गेली. २००९ मध्ये निघालेली मारियाडीबी ही शाखा जीपीएलमुळेच शक्य झाली, हे खरे. पण मूळ कोडची मालकी नसल्याने बंदिस्त परवाना विकण्याचा हक्क तिला मिळाला नाही. नियम सर्वांना, पण नियम करणारा त्यातून मोकळा, अशी ही विषमता आहे. लिनक्स कर्नलमध्ये मात्र कॉपीराइट हजारो योगदात्यांत विखुरलेला असल्याने कोणीही एक जण नियमाच्या वर उभा राहू शकत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की कॉपीलेफ्टमध्ये बंधन आहे, हा त्याचा दोष नव्हे; ते सर्वांना समान नाही, हा दोष आहे. म्हणून एखादा प्रकल्प खरोखर स्वतंत्र आहे काय, हे ठरविताना परवान्याच्या नावापुरते न थांबता कॉपीराइट कोणाच्या हाती एकवटला आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते. स्वातंत्र्याची कसोटी परवान्याच्या शब्दांइतकीच मालकीच्या वाटणीतही असते.