'कॅमेरा वर्क'चा अस्त

छायाचित्रणाच्या छंदास कलेचा मान मिळावा म्हणून आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनीं १९०३ सालीं न्यूयॉर्क येथें काढलेलें 'कॅमेरा वर्क' हें त्रैमासिक १९१७ सालच्या जूनमध्यें बंद पडलें. एके काळीं हजाराच्या घरांत गेलेले वर्गणीदार शेवटीं चाळिसांच्याहि आंत आले होते. महायुद्धाकडे बोट दाखवून मोकळें होणें सोपें आहे. परंतु गळती त्यापूर्वींच लागली होती. छायाचित्रांसाठीं वर्गणी भरणाऱ्यांच्या हातीं रोदँ, मातीस, पिकासो यांच्या कृति पडूं लागल्या आणि पुष्कळांनीं पाठ फिरविली. पातळ जपानी कागदावर छापून हातांनीं चिकटविलेलीं तीं चित्रें आम्हांस आजहि अतुलनीय वाटतात, आणि संपादकाची दृष्टि खरी होती हेंहि आम्ही मानतों. पण दृष्टि असली म्हणून सोबत्यांना तुच्छ लेखण्याचा अधिकार मिळत नाहीं. गर्ट्रूड केसबियर व क्लॅरेन्स व्हाइट हे मूळचे सहकारी दुरावले; १९१६ मध्यें छायाचित्रकारांची निराळी संस्था उभी राहिली, आणि तिचे पहिले अध्यक्ष व्हाइटच! अखेरचा जोडअंक पॉल स्ट्रँड या तरुणास वाहिलेला आहे. त्यांतील रस्त्यावरची ती आंधळी बाई पाहावी. साऱ्या मालिकेंत इतकें निर्भीड चित्र दुसरें नाहीं. शिल्लक अंकांचे गठ्ठे मात्र पुढें रद्दीवाल्याकडे गेले.