स्वयंसेवी श्रम आणि संगणकाची कार्यप्रणाली : एरिक रेमंड यांच्या ‘बाजार’ संकल्पनेची चिकित्सा (सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :

संगणकाचे यंत्र आणि त्याचा वापर करणारी व्यक्ती यांच्या दरम्यान स्मृतीचे वाटप करणारी, फायली सांभाळणारी आणि कळफलक, पडदा, प्रिंटर इत्यादी साधनांशी व्यवहार करणारी जी व्यवस्था असते, तिला कार्यप्रणाली अर्थात ऑपरेटिंग सिस्टीम असे म्हटले जाते. अशी प्रणाली उभारणे केवळ मोठ्या कंपन्यांच्या पगारी अभियंत्यांनाच शक्य आहे, असा समज दीर्घकाळ रूढ होता. २७ सप्टेंबर १९८३ रोजी रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. कोणालाही वापरता, अभ्यासता, बदलता आणि वाटता येईल अशी संपूर्ण कार्यप्रणाली निर्माण करणे हे या प्रकल्पाचे उद्दिष्ट होते. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतः लिहिलेल्या कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, माहिती इतरांना कळविली. या दोन प्रयत्नांच्या संयोगातून साकारलेली प्रणाली लिनक्स या नावाने सर्वत्र परिचित झाली. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक महासंगणक लिनक्सवर चालत आला आहे.

या यशाची मीमांसा करणाऱ्या लेखनात एरिक रेमंड यांचा ‘द कथीड्रल अँड द बझार’ हा निबंध सर्वाधिक प्रभावी ठरला. तो १९९७ मध्ये प्रथम सादर झाला आणि १९९९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. स्वयंसेवकांची संघटना कशी असते, याविषयी या निबंधाने रूढ केलेल्या ‘बाजार’ या रूपकाची चिकित्सा करणे आणि सातारा-सांगली परिसरातील सामूहिक श्रमाच्या परंपरांच्या आधारे त्याच्या मर्यादा दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रेमंड यांचे प्रतिपादन :

रेमंड दोन निर्मितिपद्धतींची तुलना करतात. मोजक्या कारागिरांनी बंद दाराआड, आराखड्याबरहुकूम बांधलेले प्रार्थनामंदिर ही पहिली पद्धत होय. अनेकांचा गलबला असलेला, कोणीही यावे आणि आपला माल मांडावा असा खुला बाजार ही दुसरी. लिनक्सची निर्मिती दुसऱ्या पद्धतीने झाली, असे ते सांगतात. अपूर्ण काम लवकर आणि वारंवार प्रसिद्ध करावे, वापरकर्त्यांना सहनिर्माते मानावे आणि तपासणारे डोळे पुरेसे असतील तर कोणताही दोष फार काळ लपून राहत नाही, ही त्यांच्या विवेचनाची प्रमुख सूत्रे आहेत.

या प्रतिपादनाचे मोल नाकारता येत नाही. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आयबीएममधील अनुभवाच्या आधारे १९७५ च्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या ग्रंथात असे दाखविले होते, की रखडलेल्या कामावर आणखी माणसे नेमली तर ते काम अधिकच रखडते. दहा माणसांत परस्परसंवादाच्या ४५ जोड्या होतात, तर पन्नास माणसांत १२२५. रेमंड यांना हा आक्षेप ठाऊक होता. दोष शोधण्याचे काम परस्परांशी न बोलताही अनेकांना एकाच वेळी करता येते आणि गाभ्याशी काम करणारे मात्र थोडेच असतात, असे उत्तर त्यांनी दिले. शून्यातून नवा प्रकल्प बाजारपद्धतीने सुरू करता येत नाही, प्रारंभी चालणारे काहीतरी हाती असावे लागते, हेही त्यांनी प्रांजळपणे मान्य केले आहे.

प्रतिपादनातील उणिवा :

रेमंड यांनी ओझरती दिलेली ही कबुलीच वस्तुतः विषयाचा गाभा आहे. ‘बीओएस’ ही कार्यप्रणाली बनविणारी कंपनी विकली गेल्यावर २००१ मध्ये काही स्वयंसेवकांनी ती प्रणाली नव्याने लिहिण्यास आरंभ केला. मूळ प्रणालीच्या ज्या घटकांचे विभाग होते त्यांनुसार त्यांनी तुकड्या पाडल्या. हा प्रकल्प पुढे ‘हायकू’ या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याची पहिली बीटा आवृत्ती सप्टेंबर २०१८ मध्ये, म्हणजे १७ वर्षांनी आली. ग्नू प्रकल्पाच्या ‘हर्ड’ या कर्नलचे काम १९९० मध्ये सुरू झाले, तरी तो सर्वसामान्य वापरापर्यंत पोहोचू शकला नाही. तेव्हा दारे उघडी ठेवल्याने निर्मिती आपोआप होते, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरते.

दुसरी उणीव जबाबदारीसंबंधी आहे. लिनक्सच्या कर्नलमध्ये प्रत्येक विभागाचा प्रतिपालक कोण, याची नावनिशीवार यादी प्रणालीच्या मूळ संहितेतच ठेवलेली असते. १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी सुरू केलेल्या ‘डेबियन’ प्रकल्पाने १९९७ मध्ये सामाजिक करार आणि १९९८ मध्ये स्वतःची घटना स्वीकारली. तेथे प्रकल्पप्रमुखाची दरवर्षी निवडणूक होते. बाजाराला घटना नसते आणि निवडणूकही नसते. ज्या प्रकल्पांच्या आधारे बाजाराचा सिद्धान्त मांडला गेला, ते प्रकल्प स्वतः मात्र काटेकोर नियमांवर उभे होते.

तिसरी उणीव काळाने उघड केली. एप्रिल २०१४ मध्ये ‘ओपनएसएसएल’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संहितेत ‘हार्टब्लीड’ हा गंभीर दोष आढळला. तो सुमारे दोन वर्षे तेथे होता. संहिता सर्वांसाठी खुली होती, परंतु ती नियमाने वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या छोट्या पण महत्त्वाच्या साधनात हेतुपुरस्सर घुसविलेला चोरदरवाजा सापडला. थकलेल्या एकट्या प्रतिपालकाचा विश्वास संपादन करून एका अनोळखी साहाय्यकाने ते काम आपल्या हाती घेतले होते. डोळे पुष्कळ असणे आणि कोणीतरी पाहत असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या घटनांनी सिद्ध केले.

इर्जिक आणि सावड :

स्वयंसेवी श्रमाचे नेमके वर्णन करणारे शब्द पश्चिम महाराष्ट्राच्या शेतीव्यवहारात पूर्वापार आहेत. एखाद्याची नांगरट अडली म्हणजे गावकरी आपापले बैल आणि औते घेऊन त्याच्या रानात उतरतात, काम एका दिवसात उरकतात आणि यजमान सर्वांना जेवू घालतो. ही इर्जिक होय. सावडीचे स्वरूप वेगळे आहे. आज एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या, असा तेथे श्रमाचा फेरा असतो. कोणाचे किती दिवस झाले याचा हिशेब तोंडी असला तरी तो पक्का असतो. इर्जिकीत उत्साह असतो, सावडीत सातत्य असते.

कार्यप्रणालीच्या उभारणीत या दोन्हींना स्थान आहे. दोष कळविणे, नव्या आवृत्तीची चाचणी घेणे ही इर्जिकीची कामे होत. परंतु एखादा विभाग वर्षानुवर्षे सांभाळणे हे सावडीचे काम आहे आणि तेथे नाव, पाळी व उत्तराधिकारी ठरलेला असावा लागतो. रेमंड यांच्या विवेचनात इर्जिकीचे यथार्थ दर्शन घडते. सावड मात्र त्यांच्या रूपकात बसत नाही.

श्रमदान टिकवायचे तर त्याला संस्थेचा आधार लागतो, हे या परिसराने शिक्षणक्षेत्रात अनुभवले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये तिचे केंद्र साताऱ्यास आणले. लोकांनी धान्य आणि श्रम दिले. पण ती शक्ती विखुरली नाही, कारण आयुष्यभराची बांधीलकी स्वीकारणाऱ्या आजीव सदस्यांची व्यवस्था तिच्यामागे होती. साताऱ्यात १९४७ मध्ये सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयातील ‘कमवा आणि शिका’ योजनेचा धडाही येथे महत्त्वाचा आहे. गरीब विद्यार्थ्याच्या श्रमाला मोबदला असलाच पाहिजे, हे तत्त्व तिच्यात अनुस्यूत होते. स्वयंसेवा ही मोकळा वेळ आणि स्वतःचा संगणक असणाऱ्यांनाच परवडते, या वास्तवाकडे बाजाराचे रूपक दुर्लक्ष करते.

मराठीचे उदाहरण :

प्रत्येक चांगले काम निर्मात्याच्या वैयक्तिक निकडीतून सुरू होते, असेही रेमंड म्हणतात. ज्यांची निकड आहे पण ज्यांना संहिता लिहिता येत नाही, त्यांचे काय, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे मराठीत भिन्न शब्द आहेत. दुसऱ्या शब्दातील अर्धा र संगणकावर नीट उमटावा यासाठी युनिकोडमधील ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह वापरावे लागते आणि टंक व अक्षरजुळणीची आज्ञावली या दोहोंत त्याची तरतूद असावी लागते. हिंदीत हा भेद नसल्याने हिंदीपुरता विचार करणाऱ्याला ती त्रुटी जाणवणारच नाही. वर्णक्रमाचेही तसेच आहे. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’ नंतर येतो, तर युनिकोडच्या संकेतक्रमात तो ‘ल’ नंतर येतो. मराठीसाठी वेगळा नियम लिहिला नाही तर विद्यार्थ्यांची किंवा ग्रंथांची यादी चुकीच्या क्रमाने लागते.

या क्षेत्रात काम झालेले नाही असे नाही. रेड हॅटने २००४ मध्ये लोहित टंक मुक्त परवान्याखाली उपलब्ध केले. सी-डॅकने डेबियनच्या आधारे २००७ मध्ये ‘बॉस’ ही प्रणाली आणली. ‘ग्नोम’ आणि ‘केडीई’ या पडदामांडणीच्या प्रकल्पांचे मराठी अनुवाद सुरू झाले. तथापि प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर शेकडो वाक्ये बदलतात किंवा नव्याने येतात. एकदा केलेला अनुवाद दोन वर्षांत शिळा होतो. वाई येथून सिद्ध होणाऱ्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील नोंदींखाली लेखकांची नावे असतात, त्यामुळे नोंदीची जबाबदारी कोणाची हे वाचकाला कळते. मराठी कार्यप्रणालीच्या प्रत्येक घटकाबाबतही असेच कळावयास हवे.

महाविद्यालयांपुढील प्रश्न :

सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात ‘वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप’ या नावाने विद्यार्थ्यांचा गट काम करीत आला आहे. ज्येष्ठ विद्यार्थ्यांनी कनिष्ठांना शिकवावे, या मार्गाने अशा गटांची परंपरा पुढे चालते. मात्र विद्यार्थी गटाचे आयुर्मान पदवीच्या चार वर्षांशी बांधलेले असते. तेथे कौशल्य हस्तांतरित होते. एखाद्या घटकाची दीर्घकालीन जबाबदारी घेणे मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. ती जबाबदारी पेलू शकणारा दुवा प्राध्यापक हाच आहे, कारण विद्यार्थी बदलले तरी तो विभागात राहतो.

अंतिम वर्षाचे प्रकल्प अहवाल बांधून घेतले जातात आणि परीक्षेनंतर कपाटात पडून राहतात. त्याऐवजी एखाद्या विभागाने मराठी वर्णक्रम, टंकांची तपासणी किंवा अनुवादाचा एक ठरावीक भाग कायमचा स्वीकारला, मराठी विभागाने परिभाषेचे दायित्व घेतले आणि प्रत्येक तुकडीने पुढील तुकडीस ते रीतसर सोपविले, तर सावडीची घडी बसू शकेल. असे काम श्रेयांकांत धरले जावे आणि गरजू विद्यार्थ्यास त्याचा मोबदला मिळावा. अन्यथा स्वयंसेवेच्या नावाखाली विनामूल्य राबवून घेण्याचा दोष महाविद्यालयांवर येईल.

समारोप :

रेमंड यांच्या निबंधाने खुलेपणाचे सामर्थ्य जगाला पटवून दिले, हे त्याचे ऐतिहासिक कार्य होय. परंतु बाजार उठल्यावर रान कोणी राखावयाचे, याचे उत्तर त्यात मिळत नाही. कार्यप्रणाली ही एकदा बांधून संपणारी वास्तू नाही. तिची दरवर्षी मशागत करावी लागते. सातारा-सांगलीच्या शेतकऱ्यास इर्जिकीनंतर सावड लागते हे ठाऊक आहे. ते शहाणपण येथील महाविद्यालयांनी संगणकाच्या क्षेत्रात आणले, तर संगणकातील मराठीचा सांभाळ मराठी भाषकांच्या हाती राहील.