मधोमध नसलेले 'केंद्रक'

कांद्याच्या पापुद्र्याचा प्रयोग आपण दरवर्षी घेतो. आयोडीनचा थेंब टाकून काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, की विटांच्या भिंतीसारख्या पेशी दिसतात. पुष्कळ पेशींत एक गडद पिवळसर ठिपका कडेला चिकटलेला असतो. विद्यार्थी वहीत मात्र तो मधोमध काढतो. दोष त्याचा नाही. ज्याचे नावच 'केंद्रक', ते केंद्रस्थानी असणार असे त्याने धरले.

मूळ शब्दात केंद्राचा मागमूसही नाही. लॅटिनमध्ये 'नक्स' म्हणजे कठीण कवचाचे फळ. त्यावरून 'न्यूक्लिअस' म्हणजे आतला मगज. ऑर्किडच्या पेशींतील गोल भागासाठी हा शब्द रॉबर्ट ब्राउन यांनी १८३१ मध्ये वापरला. मगज कवचाच्या आत असतो, एवढेच हे नाव सांगते. आत कोठे, ते सांगत नाही. निसर्गातही तसेच आहे. वनस्पतीच्या वाढ झालेल्या पेशीत मोठी रिक्तिका केंद्रकाला कडेला ढकलते, मेदपेशीत चरबीचा थेंब तेच करतो आणि ऐच्छिक स्नायूच्या एकेका तंतूत तर अनेक केंद्रके असतात, तीही काठाला.

अणूची गोष्ट वेगळी. रुदरफोर्ड यांनी १९११ मध्ये अणूचा धनभार मध्यभागी एकवटलेला असल्याचे मांडले. तेथे 'केंद्रक' हा शब्द अगदी चपखल बसतो. किंबहुना मूळ लॅटिन शब्दापेक्षाही सरस ठरतो. हिंदीत या दोहोंसाठी दोन शब्द आहेत, पण वाटणी नेमकी उलटी: अणूचे 'नाभिक' आणि पेशीचे 'केंद्रक'!

आणखी एक गंमत. लॅटिन शब्दाऐवजी आपण संस्कृत शब्द घेतला असे आपल्याला वाटते. पण 'केंद्र' हा शब्द ज्योतिषाच्या वाटेने ग्रीकमधून संस्कृतात आला. ग्रीक 'केंट्रॉन' म्हणजे पराणीचे टोक, आणि पुढे वर्तुळ काढताना रोवलेल्या टोकाची जागा.

आता 'केंद्रकाम्ल', 'दृश्यकेंद्रकी' असा मोठा परिवार झाला आहे. शब्द बदलायला मी सुचवणार नाही. वाळलेली भुईमुगाची शेंग कानाशी हलवली, की आत दाणा खुळखुळतो. फळ्यावर 'केंद्रक' लिहिण्यापूर्वी मी ती वर्गात फिरवतो, आणि मगच पापुद्रा दाखवतो.