निनांवी भांडें आणि त्याची पारख

इंग्लंडांत धर्मादाय संस्थांचीं जुन्या जिनसांचीं दुकानें गांवोगांव आहेत. त्यांच्या फळीवर कधीं कधीं हातानें घडविलेलें, तळाशीं कोणाचीच मुद्रा नसलेलें एखादें मातीचें भांडें अल्प मोलांत मिळून जातें. तें उचलणारा संग्राहक "हें चांगलें आहे काय?" असें क्वचितच विचारतो, "हें कोणाचें?" असें आधीं विचारतो. या खोडीविरुद्ध जपानी विचारवंत सोएत्सु यानागी (१८८९–१९६१) यांनीं आयुष्यभर लेखणी चालविली. त्यांच्या निबंधांस इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच यांनीं दिलेलें इंग्रजी रूप 'दि अननोन क्राफ्ट्समन' या नांवानें १९७२ सालीं प्रसिद्ध झालें. अशा संग्राहकानें तें अवश्य वाचावें. मात्र सावधपणें वाचावें.

रोजच्या वापरासाठीं, नांवाची हांव न धरतां, शेंकड्यांनीं घडविलेल्या वस्तूंत जें सौंदर्य सहज उतरतें, तें कीर्तीच्या मागें लागलेल्या कलावंतास दुर्लभ, असें यानागींचें म्हणणें. त्यांचा आवडता दाखला 'किझाएमोन ईदो' या चहाच्या वाडग्याचा. अज्ञात कोरियन कुंभारानें केलेला हा वाडगा क्योतो येथील कोहो-आन मंदिरांत जपलेला आहे. १९३१ सालीं यानागींनीं तो पाहिला. त्यावरील त्यांचा निबंध सुंदरच आहे. पण किझाएमोन कोण? कुंभार नव्हे, एके काळीं तो वाडगा बाळगणारा व्यापारी! घडविणारा विसरला गेला आणि विकत घेणारा अमर झाला, यांतलें शल्य यानागींस फारसें बोंचत नाहीं.

त्यांचे स्नेही शोजी हामादा (१८९४–१९७८) यांची गोष्टहि अशीच. लीच यांच्यासह १९२० सालीं सेंट आइव्हज येथें भट्टी उभारली तेव्हां ते भांड्यांवर शिक्का उठवीत. मायदेशीं परतल्यावर त्यांनीं तो सोडून दिला. निरहंकार खरा! परंतु ज्या लांकडी पेटींतून भांडें जाई तिच्यावर सही असे, आणि आज बाजारांत त्या पेटीमुळें भाव चढतो. नांव तळावरून निघालें तें पेटीवर जाऊन बसलें.

मग पेटीवांचून फळीवर आलेलें भांडें ओळखावें कसें? "आधीं पाहा, मग जाणा," हा यानागींचा उपदेश. पण पाहावें कसें, याविषयीं ते मोघम बोलतात. आमच्या मतें भांडें उपडें करून आरंभ करावा. तळाशीं झिलई नसेल तेथें मातीचा खरा रंग व कण दिसतात. चाक फिरत असतां तारेनें कापलेल्या तळावर शिंपल्यासारखीं वळणें उमटतात. चाक थांबवून कापल्यास रेषा जवळजवळ समांतर येतात. आंत बोटांचे वळसे हातास लागले तर भांडें बहुधा चाकावरचें. सांचांतल्या भांड्यास पुष्कळदां सांध्याची रेघ असते. नंतर टिचकी मारावी. सुमारें १,२५० अंशांवर भाजलेलें 'स्टोनवेअर' खणखणतें. कमी आंचेचें, किंवा तडकलेलें, बद्द वाजतें. (गोरोबाकाकांच्या थापटण्याची कथा सांगणाऱ्या आपल्या लोकांस हें नवें नाहीं.)

एवढ्यावरून जात कळते, क्वचित् भट्टीहि कळते; हात कळणें फार कठीण. सेंट आइव्हजच्या नित्याच्या भांड्यांवर भट्टीचाच शिक्का असे, आणि तीं अनेक हातांनीं, शिकाऊंनींहि, घडविलीं. तसल्या वळणाचें भांडें लीच यांच्या नांवावर खपविणें म्हणजे एखाद्या शिष्याचे श्रम गुरूच्या खातीं लिहिणें होय.

यानागी म्हणतील, नांव शोधूंच नका. येथें आमचें त्यांचें जमत नाहीं. हामादांनीं शिक्का आपखुषीनें टाकला. कोरियन कुंभारास कोणीं विचारलें होतें? त्याचा देश १९१० पासून १९४५ पर्यंत जपानच्या अमलाखालीं होता. त्या अमलाविरुद्ध यानागींनीं लिहिलें, हें त्यांचें श्रेय आम्ही नाकारीत नाहीं. तरी जित देशाच्या कारागिराचें निनांवीपण हाच त्याचा मोठा गुण, असें जेत्या देशाच्या रसिकानें ठरवावें, हें आम्हांस पटत नाहीं. म्हणून संग्राहकानें चिठ्ठीवर माती, झिलई, तळाची खूण आणि भांडें कोठें मिळालें तें लिहावें, व कर्त्याच्या नांवाची जागा कोरी ठेवावी. पुढें कोणास पुरावा सांपडला तर तेथें नांव लिहितां येईल.