उभ्याने ऐकलेला ‘फिडेलिओ’

श्रोतेहो, मागच्या व्याख्यानात आपण एडुआर्ड हान्सलिकपाशी येऊन थांबलो होतो. १८५४ साली त्याने संगीतातल्या सौंदर्यावर एक लहानसं पुस्तक लिहिलं, पुढे तो व्हिएन्ना विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि तिथल्या वर्तमानपत्रांतून कित्येक दशकं समीक्षा लिहीत राहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की संगीत अमुक एक भावना सांगत नाही. त्याचं सौंदर्य स्वरांच्या रचनेत, त्यांच्या चालण्या-वळण्यात असतं, बाहेर कुठे नसतं. हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. निवृत्तीनंतर त्याच्याच गावी जाऊन उभं राहून ऐकायचा योग आला. उभं राहून हे शब्दशः घ्या. (हशा)

व्हिएन्नाच्या ऑपेराघरात उभ्याच्या जागा विकायची जुनी रीत आहे. चांगल्या खुर्चीला दोनशे युरोंच्या वर पडतात आणि उभ्याच्या जागेला त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. आमच्यासारख्या पेन्शनराने कुठे जावं हे सांगायला नको. आम्ही गेलो तेव्हा प्रयोगाच्या आधी सव्वा-दीड तास बाजूच्या गल्लीतल्या खिडकीपाशी रांग लावावी लागे, आत शिरलं की कठड्याला आपला स्कार्फ बांधायचा असे. गाठ बांधली की ती जागा तुमची, मग खुशाल कॉफी पिऊन या, कुणी हात लावत नसे. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. आणि गंमत बघा, तळमजल्यावरच्या या उभ्या जागा बरोबर मधल्या मानाच्या बॉक्सच्या खाली आहेत. म्हणजे राष्ट्राध्यक्ष जिथून ऐकतात, त्याच्याच पायाखालून आपण ऐकतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ऐकला तो बीथोवनचा ‘फिडेलिओ’. कथा साधी आहे. फ्लोरेस्टान नावाच्या माणसाला पिझारो या अधिकाऱ्याने बेकायदा तुरुंगात डांबलंय. त्याची बायको लिओनोरा पुरुषवेष घेऊन, फिडेलिओ या नावाने, त्याच तुरुंगात नोकरीला लागते. पिझारो सुरा उपसतो तेव्हा ती मध्ये उभी राहते, पिस्तूल रोखते, आणि त्याच क्षणी बुरुजावरून तुरई वाजते, मंत्री आला! ऑपेरा म्हटलं की अखंड गाणं असतं असं आपल्याला वाटतं, पण यात गाण्यांच्या मध्ये चक्क गद्य संवाद आहेत. किर्लोस्करांपासूनचं संगीत नाटक ज्याच्या कानात आहे, तो मराठी माणूस इथे दहा मिनिटांत रुळतो.

आम्ही जरा जास्तच रुळलो. पहिल्या अंकाच्या शेवटी कैद्यांना घटकाभर अंगणात सोडतात. काळोखातून उजेडात आलेले ते लोक मोकळ्या हवेबद्दल गातात, पण दबकत, कारण पहारेकरी ऐकताहेत. पुरुषांचा तो कोरस हळूहळू थरांनी चढत जातो. आमच्या तोंडून नकळत ‘वा’ निघून गेलं. हळूच, पण गेलं. शेजारच्या आजीबाईंनी अशी मान वळवून पाहिलं की आम्हीही त्या कैद्यांत जमा झालो.

आता ही शांतता काही सृष्टीच्या आरंभापासून चालत आलेली नाही. मोझार्टने १७७८ साली पॅरिसहून वडिलांना पत्र लिहिलं, त्यात तो आनंदाने सांगतो की सिंफनी चालू असतानाच, आपण मुद्दाम घातलेल्या एका जागेला लोकांनी टाळ्या वाजवल्या. १७८६ साली याच व्हिएन्नात ‘फिगारो’ला इतके ‘वन्स मोअर’ पडू लागले की सम्राट दुसऱ्या जोसेफला हुकूम काढावा लागला: एकट्याचं गाणं असेल तर ठीक, अनेकांचं असेल तर पुन्हा घ्यायचं नाही. आपल्याकडच्या एखाद्या नाटक कंपनीच्या मालकाला हा हुकूम फार आवडला असता! १८१३ साली बीथोवनच्या सातव्या सिंफनीचा दुसरा भाग लोकांनी पुन्हा वाजवायला लावला. उशिरा येणाऱ्यांना दाराबाहेर थांबवणं, सभागृहात अंधार करणं, भाडोत्री टाळ्यावाल्यांना हाकलणं ही शिस्त व्हिएन्नाच्या ऑपेरात गुस्ताव माहलरने लावली, तो १८९७ ते १९०७ तिथे संचालक होता तेव्हा. म्हणजे ज्याला आपण युरोपचा स्वभाव समजतो, ती बऱ्याच अंशी शे-सव्वाशे वर्षांची सवय आहे.

तरीही आजीबाई बरोबर होत्या, आम्ही चुकलो होतो. कैद्यांचा कोरस जिथे सुरू होतो तो आवाज इतका बारीक आहे की सभागृह निःशब्द असल्याशिवाय तो नाहीच. मैफलीत ‘वा’ हा गाण्याचा भाग असतो. गवई त्यावर पुढची जागा बांधतो. इथे सगळं आधी लिहून झालेलं आहे, आपल्या ‘वा’ला जायला जागाच नाही. उलट सवाईच्या मंडपात मागे बसून, वडापावच्या घमघमाटात, इतका बारीक स्वर ऐकू येईल का? प्रामाणिकपणे सांगा.

तर मूळ मुद्द्याकडे येऊ. पहिल्या अंकात एक चौकडी आहे. चार माणसं एकामागून एक तेच सुरेल वाक्य गातात. तुरुंगाधिकाऱ्याची मुलगी त्या ‘फिडेलिओ’च्या प्रेमात आहे, बापाला लग्न ठरल्यासारखं दिसतंय, तिचा जुना प्रेमिक जळतोय, आणि लिओनोरा घाबरलीय. चार वेगळ्या भावना, चाल मात्र एक. हान्सलिक असता तर म्हणाला असता, बघा, मी काय सांगत होतो? चाल कुठल्याच भावनेची मालकीची नाही! इथपर्यंत आम्ही त्याच्याबरोबर आहोत.

अडचण पुढे आहे, आणि ती इमारतीच्या इतिहासातून येते. १२ मार्च १९४५ रोजी बॉम्बहल्ल्यात हे ऑपेराघर जळलं, रंगमंच आणि प्रेक्षागृह खाक झालं. ५ नोव्हेंबर १९५५ रोजी ते पुन्हा उघडलं ते ‘फिडेलिओ’ने. चार राष्ट्रांच्या फौजा नुकत्याच देश सोडून गेल्या होत्या, रस्त्यात लोक ध्वनिक्षेपकांवर ऐकत उभे होते. तुरुंगाची दारं उघडतात, यापेक्षा समर्पक काय असणार? पण कार्ल बोम, ज्याने त्या रात्री संचालन केलं, तोच १९४३ ते १९४५ या काळात, नाझी अमलाखाली, याच घराचा संचालक होता. आणि त्याहून अवघड गोष्ट अशी की मार्च १९३८ मध्ये, ऑस्ट्रिया जर्मनीने गिळल्यावर थोड्याच दिवसांत, याच घरात गोरिंगच्या उपस्थितीत समारंभाने जो प्रयोग झाला तोही ‘फिडेलिओ’च होता. तेच कैदी, तीच तुरई. बाहेर खरे तुरुंग भरत होते.

मग हान्सलिक जिंकला का? स्वर काहीच सांगत नाहीत, म्हणून कुणीही उचलून आपल्या दिवाणखान्यात मांडावेत?

आम्हांला तसं वाटत नाही, आणि कारण हान्सलिकच्याच शिस्तीतून निघतं. तुरई ऐका. तिच्या आधीचं सगळं संगीत चौघांच्या झटापटीतून वाढत, तापत गेलेलं आहे. तुरई त्यातून उगवत नाही. ती बाहेरून येते, पडद्यामागून, आणि चाललेलं सगळं थांबवते. नंतर ऑर्केस्ट्रा क्षणभर काय करावं हे न कळल्यासारखा हलक्या आवाजात बोलतो. हा शब्दांचा अर्थ नव्हे, ही रचना आहे. ‘लिओनोरा क्रमांक तीन’ या पूर्वरंगात शब्द नाहीत, नट नाहीत, तरी तुरई तिथेही तशीच मध्ये घुसते. जोर करणाऱ्याच्या हिशेबात नसलेलं काहीतरी येतं, एवढं तरी स्वर सांगतात. ‘न्याय’ हा शब्द ते सांगत नाहीत, हे कबूल.

मग १९३८ साली त्या मधल्या बॉक्समध्ये बसलेल्या माणसाने काय ऐकलं? आमचा अंदाज असा की त्याला वाटलं, तुरई माझ्यासाठी वाजली, आलेला मंत्री तो मीच. अभिनवगुप्ताने रसाची विघ्नं सांगितली आहेत, त्यात एक आहे निजसुखादिविवशीभाव, म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखाने वेढलं जाणं. त्यावर उपाय म्हणून तो गीत, वाद्य, सजवलेलं प्रेक्षागृह असं सांगतो, माणसाला स्वतःतून बाहेर काढायला. पण मानाच्या बॉक्सपुरता उपायच विघ्न होतो! सोनं, मखमल, सलामी, सगळं त्याला सांगत असतं की तू कोण आहेस. खाली गुडघे दुखत उभ्या असलेल्याला निदान तो भ्रम होत नाही. (अर्थात गुडघे हेही निजदुःखच, अभिनवगुप्ताने ते सोडलेलं नाही.)

एक तक्रार मात्र नोंदवून ठेवतो. तळघरातला प्रवेश संपल्यावर, शेवटच्या प्रवेशाच्या आधी, मध्येच हा ‘लिओनोरा तीन’ वाजवायची माहलरच्या काळापासूनची प्रथा आहे. देखावा बदलायला वेळ मिळतो, ऑर्केस्ट्राला मिरवता येतं, आणि त्या रात्री सर्वांत मोठ्या टाळ्या तिथेच पडल्या. पण विचार करा, आत्ताच डोळ्यांसमोर घडून गेलेली गोष्ट पंधरा मिनिटांच्या आत पुन्हा सांगतात, आणि तुरई दुसऱ्यांदा वाजते. पहिल्यांदा ती कुणालाच अपेक्षित नव्हती, आता सगळे तिची वाट बघत उभे असतात. जी गोष्ट अनपेक्षित असण्यातच तिचं सगळं बळ होतं, तिला न मागताच ‘वन्स मोअर’ मिळतो. दुसऱ्या जोसेफचा हुकूम इथे लागू करायला हवा होता. माहलर फार मोठा माणूस, पण इथे आम्ही त्याच्या विरुद्ध आहोत. काही माहीतगार मंडळी म्हणतात की तो पूर्वरंग एरवी कुठे ऐकायला मिळणार? मैफलीत ऐका की! तिथून पाच-सात मिनिटं चाललं की म्युझिकफेराइनचं सोनेरी सभागृह आहे, तिथेही उभ्याच्या जागा असतात.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. ‘फिडेलिओ’ १८०५ साली पडला होता, तीन प्रयोगांत बंद झाला, तो का, आणि १८१४ पर्यंत बीथोवनने त्यात काय काय कापलं, हे पुढच्या बुधवारी घेऊ. मागच्या रांगेतून मघाशी कुणीतरी हात वर केला होता, त्यांनी आधी विचारावं.