‘कॉल’चे गणित : स्क्लान्स्की यांच्या सिद्धान्ताची चिकित्सा

डेव्हिड स्क्लान्स्की यांच्या ‘द थिअरी ऑफ पोकर’ (१९८७) या ग्रंथाच्या मुळाशी एक सिद्धान्त आहे. प्रतिस्पर्ध्याची पाने दिसत असती तर आपण जसे खेळलो असतो, त्याहून वेगळे खेळलो की लाभ प्रतिस्पर्ध्याचा होतो, असे तो सांगतो. यातून ‘योग्य निर्णया’ची जी व्याख्या निघते ती कितपत टिकते, हे प्रस्तुत लेखात तपासावयाचे आहे.

टेक्सस होल्डेममध्ये प्रत्येकास दोन पाने मिळतात व मेजावर पाच सामाईक पाने उघडली जातात. समजा, आपल्या हाती बदामाचा एक्का व दश्शी आहे. मेजावर बदाम राजा, बदाम सत्ती, इस्पिक दुर्री व किलवर पंजी. एकच पान उघडावयाचे आहे. प्रतिस्पर्ध्याच्या पैजेसह पॉटमध्ये १०० रुपये असून ‘कॉल’ करण्यास २५ रुपये लागतात. एकूण १२५ पैकी २५ आपले, म्हणून जिंकण्याची शक्यता किमान २० टक्के हवी. न दिसलेल्या ४६ पानांत बदामाची ९ आहेत, म्हणजे १९.६ टक्के. केवळ बदामावर भिस्त ठेवली तर पाने टाकावीत, तीही निसटत्या फरकाने.

आता प्रतिस्पर्ध्याजवळ इस्पिकचे राजा-राणी आहेत असे धरू. मग उरलेले तीन एक्केही आपल्यास जिंकून देतात. ४४ पैकी १२ पाने, २७.३ टक्के. उलट त्याच्याजवळ दोन सत्त्या असतील तर बदामाची दुर्री वा पंजी येताच त्याचे फुल हाउस होते. आपली ७ पाने उरतात, १५.९ टक्के. भागाकार पाचवीतील मुलासही जमेल; अडचण अंशस्थानी आहे. स्क्लान्स्की हे जाणतात. प्रतिस्पर्ध्याचा हात ओळखण्यावर त्यांनी स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे, आणि ते ग्रंथातील उत्तम प्रकरणांपैकी एक आहे.

खरा पेच शेवटचे पान उघडल्यावर येतो. पॉट १०० रुपयांचा, प्रतिस्पर्ध्याची पैज १०० रुपयांची, आणि आपला हात केवळ त्याच्या थापेला हरवू शकणारा. कॉल करण्यास एक-तृतीयांश शक्यता हवी; पण ती आता पत्त्यांच्या जोडात कुठेच नाही. फॉन नॉयमन व मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ मध्येच पोकरमधील थापेचे विश्लेषण केले होते. त्या परंपरेतील उत्तर असे की, प्रतिस्पर्ध्याच्या अशा पैजांपैकी नेमक्या एक-तृतीयांश थापा असतील तर आपण कॉल केला काय आणि पाने टाकली काय, फरक पडत नाही. येथे योग्यता एका डावाची नसून वारंवारतेची ठरते.

स्क्लान्स्कींच्या ग्रंथातही द्यूतसिद्धान्तावर प्रकरण आहे. तथापि मूळ सिद्धान्तानुसार थापेविरुद्धचा कॉल ‘बरोबर’ आणि तीच माहिती, तीच पाने असताना तासाभराने केलेला कॉल ‘चूक’ ठरतो. योग्यतेचे हे दोन अर्थ ग्रंथात शेजारी नांदतात. त्यांचा मेळ घातलेला नाही. खेळाडू दोनाहून अधिक असले की सिद्धान्त सरसकट लागूही पडत नाही. डाव संपल्यावर हिशेब तपासण्यास तो उपयुक्त आहे, यात शंका नाही. संभाव्यतेच्या वर्गात मात्र तो जपून वापरावा लागेल, कारण अज्ञानात घेतलेल्या निर्णयास पाने उलगडल्यानंतरच्या ज्ञानाने गुण देण्याची सवय विद्यार्थ्यांस आधीच असते.